तक्त्यावरचा शैलेश

सातपाटीच्या प्रेमलाबाईने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकली. एस.टी.त एखादीने नाकाला पदर लावला, की ही मुद्दाम तिच्याच शेजारी जाऊन बसायची. पण मुलाचं काम सांगायची वेळ आली की हिची जीभ अडखळायची. शैलेश तारापूरच्या एका कारखान्यात हेल्पर. गोणी उचलायच्या, पिंपं धुवायची. भावकीत मात्र तिने केव्हाचं सांगून ठेवलं होतं, आमचा शैलेश सुपरवायझर हाय.

नात स्वरा पालघरला इंग्रजी शाळेत जायची. वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं, इंग्रजीत कामाला शेपूट लावलं की ते करणारा माणूस तयार होतो. टीचचा टीचर, ड्राइव्हचा ड्रायव्हर. दातांच्या डॉक्टरला मात्र वेगळं शेपूट, तो डेंटिस्ट. आजीला ते लगेच पटलं. आपल्यात नाय का, विणणारा, विकणारी, तसंच की. मग घरातल्या माणसांच्या कामांचा तक्ता करायचा होता. बाबांपुढे पोर हेल्पर लिहायला लागली, तसा प्रेमलाबाईने तिचा हात धरला.

"सुपरवायझर लिही. मी सांगते ना."

पोरीने लिहिलं.

पालकांच्या दिवशी म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत गेली. शैलेश पाळी सुटल्यावर परस्पर तिथेच आला, गळ्यात कारखान्याचं कार्ड. स्वराच्या तक्त्यासमोर एक माणूस उभा होता. तो वळला, तर मेहुल साहेब, शैलेशच्याच खात्यातला सुपरवायझर. त्याची मुलगी त्याच वर्गात. त्याने तक्ता वाचला, शैलेशकडे पाहिलं. हसला असता तर प्रेमलाबाईने त्याला उभा सोलला असता. पण तो हसला नाही. त्यानेच मान खाली घातली.

स्वरा आजीकडे बघत होती. आजी खिडकीकडे.

शैलेशने बाईंकडून पेन मागून घेतलं, त्या शब्दावर रेघ मारली आणि खाली हेल्पर लिहिलं. सावकाश, चांगल्या अक्षरात.

"पोरीची चूक नाय, बाई," तो म्हणाला. "मीच तिला चुकीचं सांगितलेलं."

आईकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

परतताना तिघं रिक्षात बसली. गावाचं वळण आलं तसं शैलेशने गळ्यातलं कार्ड काढून खिशात टाकलं. रोज याच वळणावर काढायचा. नोकरी लागली त्याच आठवड्यात तिनेच बजावलं होतं, लोक वाचतात, गावात घालून फिरू नको. बारा वर्षं झाली त्याला.

"राहू दे गळ्यात," ती म्हणाली.

"आता सवय झाली, आये." त्याच्या आवाजात राग असता तरी तिला बरं वाटलं असतं.

बंदरावर बायका बोंबील वाळत घालत होत्या. रिक्षा बघून एकीने हाक मारली, "काय गं प्रेमला, झाली का सुपरवायझरची शाळा?"

प्रेमलाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, थांबू नको.