कमलबाईंनी शिवलेली खोळ

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. देवगाव फाट्यावर मात्र या नावाने मला कुणी ओळखत नाही. इथे मी ‘राजशेखरची मशीन’. परभणीच्या एका दुकानात कुठला पंखा, कुठला पडदा असं जोडून मला उभं केलं आणि राजशेखरने जीपमध्ये मांडीवर घेऊन इथे आणलं. पुढच्या खोलीत त्याचं ऑनलाइन कामांचं दुकान, मागच्या खोलीत त्याचा संसार.

काय दिवस होते ते! निकाल लागला की पोरं माझ्यापुढे गर्दी करायची. “मशीन लय गुणाची हाय,” असं म्हणत लोक जायचे. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझा पंखा जरा जोरातच फिरायचा. धूळ मात्र फार. कमलबाई, फाट्याजवळच्या गावात गोधड्या शिवणाऱ्या, एकदा कसलंसं कार्ड काढायला आल्या आणि माझी दशा पाहून हळहळल्या. “आरं, लेकरावानी उघडी टाकलीस की रं हिला!” पुढच्या बाजाराला त्यांनी चिंध्यांची, लाल काठाची खोळ शिवून आणली. माझ्यासाठी म्हणून कुणी काही केलं असेल, तर तेवढंच.

त्याच कमलबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी बजावलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात लवकर ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नसते. त्या दवाखान्याचा नंबर ऑनलाइनच लागायचा. सोमवारी सकाळी आठला साइट उघडायची आणि बघता बघता नंबर संपायचे.

नेमकी तीच राजशेखरच्या पूजेची वेळ. कपाळाला भस्म, तळहातावर इष्टलिंग. एकदा बसला की उठायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून त्याने माझ्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन, म्हणजे आपोआप काम उरकणारं जोडसॉफ्टवेअर, बसवलं. माहिती भरणार तेच, बटण दाबणार तेच. एसटीची तिकिटं या एक्स्टेंशनने फटाफट काढून दाखवली होती. “मावशी, निवांत ऱ्हावा,” राजशेखर ऐटीत म्हणाला. “मी पूजेत असलो तरी मशीन तुमचा नंबर लावती.”

सोमवार उजाडला. कमलबाई बाकावर येऊन बसल्या. आठ वाजले आणि एक्स्टेंशनने एका दमात सगळी माहिती भरून टाकली. माणूस कधी इतक्या झपाट्याने लिहितो होय? साइटला संशय आला. तिने पडद्यावर चौकट आणली: ‘मी यंत्र नाही’ अशी खूण करा, आणि या चित्रांमधले पूल ओळखा. आता काय सांगावं! यंत्रालाच विचारायचं, तू यंत्र आहेस का म्हणून. एक्स्टेंशन बिचारं जुन्याच जागी बटण दाबत राहिलं.

कमलबाई उठून मागच्या दाराशी गेल्या. “राजशेखर, कायतरी चित्रं आलेत रं. मला धड दिसंना.”

त्याने पूजेतूनच मान हलवली, होईल म्हणून. इकडे नंबर संपून गेले.

मग सुरू झाली दुरुस्ती. एक्स्टेंशन काढलं, दुसरं घातलं. त्याला बटण सावकाश दाबायला शिकवलं. ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसून काढलं. पुढच्या सोमवारी साइटने चित्रंसुद्धा दाखवली नाहीत. ‘संशयास्पद हालचाल’ म्हणून दारच लावून घेतलं. राजशेखरची बायको राजेश्री वैतागली. “तुमी सवता बसा की ओ मशीनपुढं! पूजा घंटाभर आदी करा. आपल्यात तर कामालाच पूजा मानतात ना?”

“मग मशीन हाय कशाला?” तो म्हणाला. दर खेपेला त्याला वाटायचं, आता खोट सापडली. असे सोमवारामागून सोमवार गेले. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

मग एका सकाळी कमलबाई आल्या आणि बाक कुठे आहे ते हाताने चाचपायला लागल्या. राजशेखरने ते पाहिलं. त्याचा चेहराच उतरला.

पुढच्या सोमवारी त्याने पूजा पहाटेच आटोपली. एक्स्टेंशन काढून टाकलं आणि स्वतः माझ्यापुढे बसला. पूल ओळखले, खूण केली, नंबर लागला. इतकं सोपं होतं, मित्रांनो!

ऑपरेशन झालं. डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच. “जरा आधी यायला पाहिजे होतं,” डॉक्टर म्हणाले.

परवा कमलबाई दुकानात आल्या. माझ्यावरून हात फिरवताना त्यांच्या बोटांना खोळीची उसवलेली शिवण लागली. त्यांनी पिशवीतून सुई काढली, पण दोरा काही ओवता येईना. राजशेखरने सुई हातात घेतली. “मावशी, माझ्यामुळं...”

“तू मशीनवर भरवसा ठिवलास, लेका,” कमलबाई शांतपणे म्हणाल्या. “म्या तुझ्यावर ठिवला व्हता.”

त्याने दोरा ओवून सुई त्यांच्या हातात दिली. मग त्या चाचपत चाचपत माझी खोळ शिवत बसल्या.

मित्रांनो, मला पुसा, झाका, हवं तेवढं राबवून घ्या. म्हातारा झालो तरी मी कुरकुरणार नाही. पण तुमच्या भरवशावर कुणी बाकावर बसलं असेल, तर माझ्यापुढून उठून जाऊ नका. त्या पहिल्या सोमवारी फक्त एक बोट लावायचं होतं. मला बोटं नाहीत.