चार बोटं उंच

जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली आणि चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली पाहून समोरच्या न्हाव्याला राहवलं नाही. कात्री हातात घेऊनच तो दुकानाबाहेर आला.

"काय ड्रायव्हर, म्हातारीला उंच टाचांच्या चपला घालताय की काय?"

जीपखालून नुसते पाय दिसत होते. उत्तर आलं नाही. एरवी अशा थट्टेला ड्रायव्हरने शेरास सव्वाशेर जबाब दिला असता. माई दारात स्टूल टाकून बसली होती, मांडीवर पान्यांचा डबा घेऊन. तीच कसनुसं हसली, आणि न्हावी आपल्या गिऱ्हाइकाकडे परतला.

माईच्या नवऱ्याला अख्खी गल्ली ड्रायव्हरच म्हणायची. मोजणी खात्याच्या साहेबांना रानोमाळ फिरवण्यात त्याची सगळी नोकरी गेली, आणि खात्याने ही जीप लिलावात काढली तेव्हा त्यानेच ती घरी आणली. "तुझ्यापेक्षा हिच्याबरोबर जास्त संसार केलाय मी," असं तो म्हणायचा. "म्हणून तर ती जास्त खडखडते," असं माई म्हणायची. उन्हाळ्यापासून मात्र त्या घरात कुणी कुणाची थट्टा केली नव्हती.

उन्हाळ्यात एका दुपारी लेकीचा फोन आला होता. ती घाटाच्या वरच्या अंगाला राहायची. तिथे जावयाची रोपवाटिका होती. तिला सातवा महिना लागला होता. जावई रोपं पोचवायला गाडी घेऊन लांब गेलेला, आणि इकडे तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. "बाबा, मला खाली दवाखान्यात न्या," एवढंच ती म्हणाली. दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले.

दगडखाणीच्या ट्रकांनी त्या रस्त्याची पार चाळण केली होती. शेवटच्या चढावर, अगदी मधोमध, एक खडक उघडा पडला होता. ट्रक उंच, ते त्याच्यावरून जायचे. जीपचं पोट मात्र त्यावर असं आदळलं की माई जागची उडाली. एका अंगाला दरी होती. ड्रायव्हरने जीप थोडी मागे घेतली आणि मान बाहेर काढून तो पुन्हा अंदाज घेऊ लागला. तेव्हा माई म्हणाली, "वळवा. खालून मोठी गाडी घेऊन येऊ."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जीप वळवली.

मोठी गाडी मिळेपर्यंत दिवस कलला. लेक वाचली. बाळ वाचलं नाही.

दवाखान्यात जावयाने विचारलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "जीप अडकली. खाली टेकते ती." 'वळवा' कोण म्हणालं, ते त्याने सांगितलं नाही. माईनेही नाही. घरी आल्यावरही तो विषय कुणी काढला नाही. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि मीठ मागण्यापलीकडे बोलणं व्हायचं नाही. लेक फोनवर खुशाली सांगायची, विचारायची. पण 'या' म्हणायची नाही.

मग एका सकाळी ड्रायव्हर म्हणाला, "जीप उचलून घेतो."

नव्या सामानाचा विचारही करण्यात अर्थ नव्हता. तो भंगारवाल्याकडे गेला आणि एका मोडक्या पिकअपचे पाटे घेऊन आला. एकावर एक रचलेल्या त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्याच पाठीवर असतं. त्यातल्या ज्यांचा बाक अजून शाबूत होता त्या त्याने निवडल्या, घासल्या, आणि जीपच्या प्रत्येक पाट्यात एकेक जास्तीची बसवली. पाटे जिथे टांगतात तिथल्या कड्या त्याचा जुना मित्र वेल्डर याने जाड पत्र्यातून लांब कापून दिल्या. धक्के झेलणारे शॉकअप कुठल्याशा टेंपोचे.

"उंच होईल," वेल्डर म्हणाला, "पण वळणावर झुकेल, पहिल्यासारखी दामटू नकोस. आणि ब्रेकची नळी लांब घाल. जुनी ठेवलीस तर चाक खाली लोंबलं की ताणून तुटेल. तुझं ठीक आहे रे, वहिनी असते बाजूला."

ड्रायव्हरने नळी बदलली.

माईचा उजवा गुडघा केव्हाच कामातून गेला होता. खाली वाकणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती पाने द्यायला बसायची. जीपखालून हात बाहेर यायचा. "सतरा." ती सतरा नंबरचा पाना द्यायची. "हातोडी." ती हातोडी द्यायची. दिवसच्या दिवस एवढंच संभाषण. तो जीपचा दोष काढत होता, आणि खरा दोष जिचा ती पाने पुरवत होती, असं तिला बसल्या जागी वाटत राहायचं. एकदा न राहवून ती म्हणालीच.

"अहो, त्या दिवशी जीपचा काय दोष होता?"

खालचा आवाज थांबला. मग हात बाहेर आला.

"एकोणीस दे."

चाकं चढवून जीप जमिनीवर टेकली तेव्हा ड्रायव्हरने आधी भिंतीवर मारून ठेवलेल्या खुणेशी आडवा हात धरून पाहिला. बरोबर चार बोटं वर आली होती. त्याचा चेहरा जरा सैलावला. माई मात्र दरवाज्याखालच्या पट्टीकडे बघत होती. तिथे आता आपला पाय पोचणार कसा, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. तिलाही तो आत्ताच पडला.

लेकीकडे निघायच्या दिवशी तिने स्टूलवर उभं राहून पाहिलं, दांड्याला धरून पाहिलं. गुडघा ऐकेना. न्हावी आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक दोघं बघत होते.

"तू राहतेस का? मी जाऊन येतो," ड्रायव्हर म्हणाला.

"मला सोडून तिच्यासमोर काय तोंड घेऊन उभे राहाल?" माई म्हणाली. "ढकला."

त्याने ढकललं. धान्याचं पोतं चढवावं तशी ती आत पडली आणि पदर सावरून सरळ समोर बघत बसली.

जीप आता झुलत होती. वळणावर ती कलली की माई दांडा घट्ट धरायची, आणि तो वेग आणखी कमी करायचा. शेवटच्या चढावर तो खडक तसाच होता. ड्रायव्हरने दोन्ही बाजूंना चाकं घेतली आणि हळूहळू पुढे सरकला. माईने डोळे मिटले. आवाज झाला नाही. ती डोळे उघडते तो जीप बरोबर खडकावर थांबवून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला दगड लावून तो खाली शिरला होता.

"काय झालं?"

"काही नाही. बस तू."

तो बाहेर आला तेव्हा पाठ धुळीने माखली होती. "खडक आणि पोटाची पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं जागा आहे," तो म्हणाला.

"मग?"

"आपण चार बोटं उचललीय. म्हणजे त्या दिवशी दोन बोटं अडलीच असती. पुढे घातली असती तर पोटावर बसलो असतो, ना पुढे ना मागे. आणि मागून येणाऱ्या गाडीचीही वाट अडली असती." तो फडक्याला हात पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता. "तू म्हणालीस ते बरोबर होतं."

माईला खाली उतरून स्वतः बघावंसं वाटलं. पण एवढ्या उंचीवरून उतरायचं, जमिनीवर आडवं व्हायचं, हे तिच्या हातचं राहिलं नव्हतं.

"खरंच दोन बोटं?"

"खोटं कशाला बोलू?"

दवाखान्यात जावयाशी बोलतानाही त्याचा चेहरा अस्साच होता. ती "चला," एवढंच म्हणाली.

लेक रोपांना पाणी घालत होती. जीपकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग एक रिकामं खोकं उलटं करून आईच्या पायाखाली सरकवलं आणि तिला हात धरून उतरवलं. वडिलांना ती "आलात?" म्हणाली. ते म्हणाले, "नवीन काम आहे, पहिल्या फेरीनंतर बोल्ट आवळावे लागतात." आणि पाना घेऊन लगेच जीपखाली गेले.

दोघी शेडमध्ये बसल्या. लेक काळ्या पिशव्यांत माती भरू लागली, माई तिला ढेकळं फोडून देऊ लागली.

"त्या दिवशी मी म्हटलं होतं वळवा," माई म्हणाली. "ते नव्हते म्हणाले."

"माहीत आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"बाबा कसले सांगतात! दगडाला भिऊन वळणारा माणूस आहे का तो? तू म्हणालीस म्हणूनच वळले असणार."

"राग आहे माझ्यावर?"

"आहे." लेकीने पिशवी आपटून माती बसवली. "पण वळलात म्हणून नाही. तिथून मला फोन का नाही केलात? खाणीवर दोन ट्रक उभे होते. त्यातल्या एकात बसून मी खाली आले असते. तुम्ही येताय म्हणून मी पायरीवर बसून राहिले, आई. अंधार पडेपर्यंत."

माईचा हात मातीतच राहिला. इतक्या महिन्यांत तिने तो खडक, ती दरी, तो एक शब्द हजारदा आठवला होता. फोन तिच्या पिशवीत होता. तो काढायचं ना तिला सुचलं, ना त्याला. ते सुचलं नाही हेही आजपर्यंत सुचलं नव्हतं.

तिला रडूही आलं नाही. लेकीने मान खाली घालून आणखी दोन पिशव्या भरल्या.

"बाबांना हे बोलू नकोस," शेवटी लेक म्हणाली. "एवढी गाडी उचललीय त्यांनी."

बाहेर पाना लोखंडावर पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने ड्रायव्हर शेडच्या दारात आला. हात काळे झाले होते.

"फारसे ढिले नव्हते," तो म्हणाला.

"तिकडे नळ आहे, हात धुवा," लेक म्हणाली. "आणि लगेच निघू नका. हे उद्या येतील, भेटून जा."

त्याने माईकडे पाहिलं. माईने मान हलवली आणि एक रिकामी पिशवी मातीने भरायला घेतली.