बरणीची भिंतीकडची बाजू

थोरली सून सकाळपासून एका कोपऱ्यापाशी घुटमळत होती. सासरच्या शंभर वर्षं जुन्या घरातली चित्रं, घड्याळं, झुंबरं आज तिथल्याच दिवाणखान्यात लिलावाला निघाली होती आणि झाडून सगळं गोत खुर्च्या टाकून बसलं होतं. तिला त्या पसाऱ्याचं सोयरसुतक नव्हतं. बत्तीस वर्षं पुसून पुसून हात झिजले होते. जातंय ते जाऊ दे. धास्ती होती ती एकाच वस्तूची, कोपऱ्यातल्या कमरेएवढ्या निळ्या चिनी मातीच्या बरणीची.

लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात तिच्या हातून त्या बरणीचं झाकण पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. तिने ते गुपचूप चिकटवलं, जोड भिंतीकडे फिरवला आणि पुढे बरणीला दुसऱ्या कुणाला फडकं लावू दिलं नाही. माहेरी गेली तरी दोन दिवसांत परत. लोक म्हणायचे, घरावर काय जीव आहे हिचा. जीव कसला, तो टांगणीला लागलेला.

लिलाववाल्यांचा जाणकार जांभळा दिवा घेऊन एकेक वस्तू तपासून गेला होता. त्या उजेडात जुना गोंद चमकतो म्हणे. त्यात यांचा नियम असा, की बोलीआधी वस्तूतले दोष मोठ्याने वाचायचे.

"निळी बरणी," लिलाववाला वाचू लागला. "झाकण चिकटवलेलं, साधारण तीस वर्षांपूर्वी. उजवा कान चिकटवलेला, साधारण साठ वर्षांपूर्वी."

कान? कानाचं तर तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"साठ वर्षांपूर्वी घरात होतं तरी कोण?" नणंदबाईंनी विचारलं. त्यांच्या तावडीतून असलं काही सुटत नसे.

"मी होते," सासूबाई म्हणाल्या. "नवी नवरी."

सून उठून उभी राहिली. "झाकण माझ्या हातून फुटलं, आई." बोलून टाकलं आणि तिला इतकं मोकळं वाटलं, की पुन्हा बसायचंही सुचेना.

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "म्हणजे कानाचं तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आणि मी समजत होते, माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून तू बरणीला कुणाला शिवू देत नाहीस. म्हणून तर इतक्या वर्षांत तुला एका शब्दाने बोलले नाही."

सुनेला वाटायचं, आपली सासूच देवमाणूस. तिला हसू फुटलं.

"मग आता बोला."

"बोलते," सासूबाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षांचं साठलंय. आधी ही बरणी दाराबाहेर जाऊ दे."