मांजराचा कौल

वर्ल सग्जशी माझं लग्न ठरलं. आता ते ठरलेलंच नाही असं धरून सुरुवातीपासून सांगते. गेला आठवडाभर मी तसंच धरून चालले आहे.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या आमच्या गावात चर्चच्या बायकांचं गोधडी मंडळ आहे. दर गुरुवारी तळघरात लाकडी चौकटीभोवती बसून त्या हातानं गोधडी शिवतात आणि तोंडानं गाव उसवतात. अध्यक्ष ऑर्लेटामावशी. माझी ती कुणी लागत नाही. सगळ्या गावाचीच मावशी आहे, गावाची तशी इच्छा नसताना.

नवी गोधडी चौकटीवरून उतरली की तिचे चार कोपरे चार बिनलग्नाच्या पोरींनी धरायचे, मधोमध मांजर टाकायचं आणि झटका द्यायचा. मांजर जिच्या बाजूनं पळेल तिचं लग्न आधी. यंदा बिनलग्नाची मी एकटीच उरले होते. बाकीच्या पोरी मांजराची वाट न बघता कुणाकुणाबरोबर निघून गेल्या. मग मंडळानं उरलेले तीन कोपरे खुर्च्यांना बांधले. मी म्हटलं, यंदा राहू दे. मावशी म्हणाली, खुर्च्यांची काही तक्रार नाही.

पहिल्या झटक्याला मांजर एका खुर्चीकडे गेलं. मी खुर्चीचं अभिनंदन केलं. मंडळानं ती फेरी बाद ठरवली, कारण आम्ही बॅप्टिस्ट पंथाचे आणि खुर्ची मेथडिस्ट पंथाच्या चर्चकडून उसनी आणलेली. दुसऱ्या फेरीला खुर्च्यांच्या बाजूनं बायका झाडू घेऊन उभ्या राहिल्या. मांजर माझ्या खांद्यावरून गेलं. टाळ्या पडल्या.

गोधडी मापापेक्षा बरीच लांब झाली होती. कापड मावशीनं बेतलेलं, त्यामुळे चूक गोधडीची असणं शक्यच नव्हतं. तेव्हा नवराच त्या मापाचा शोधला. लाकडाच्या वखारीतला वर्ल सग्ज प्रत्येक दारातून वाकून येतो. त्याला बाकांवर आडवं करून गोधडी घालून पाहिली. पाय झाकले. ठरलं.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला तरी करायचंय का हे लग्न?

"उबदार आहे गं गोधडी," तो म्हणाला.

सप्टेंबरात मला स्प्रिंगफील्डला नर्सिंगला जायचंय. जागा मिळालीय. हे मी भर मंडळात सांगितलं तेव्हा सगळ्या सुया थांबल्या.

"तिथं करणार काय?" मावशीनं विचारलं.

"जखमा शिवायला शिकेन."

"शिवायचंच तर इथं शिव की, क्लेटा. कापड ओरडत तरी नाही."

"मावशी, मला लग्नच करायचं नाही."

"पण तुला विचारलं कुणी?" ती रागानं बोलली नाही, तिला खरंच माहिती हवी होती. तिनं चौकटीभोवती एकेकीकडे पाहिलं. कुणीच विचारलं नव्हतं. विषय संपला, आणि गोधडीच्या कडेला माझ्या नावाशेजारी वर्लचं नाव निळ्या दोऱ्यानं भरायला घेतलं गेलं.

मंडळाचा निर्णय पटला नाही तर मंडळाकडेच लेखी अर्ज करायचा असतो. मी केला:

"अर्जदार मांजराच्या निर्णयाचा पूर्ण आदर करते. तरी त्या निर्णयास कोणतीही बाधा न आणता, अर्जदाराच्या लग्नाबाबत अर्जदाराचेही मत, मंडळाच्या सवडीने, एकदा विचारण्यात यावे, ही नम्र विनंती."