भुवईवरचा अंगठा

मित्रांनो, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याशी जे वागल्या, ते मी जन्मात विसरणार नाही.

मी एक जुनी, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आहे. माझे शिक्षण पंधरा सेंटिमीटरपुरते. पण ज्या मुलांची पापणी जन्मापासून लोंबते, त्यांचे दुखणे मी मिलिमीटरमध्ये सांगते. बाई हे काम त्यांच्या गुरूंकडून शिकल्या, तेही मलाच हातात धरून. "आधी भुवई अंगठ्याने दाबून धर," गुरू म्हणत. "पोरं लबाड असतात, कपाळाच्या जोरावर पापणी उचलतात. मग खाली बघायला लाव, वर बघायला लाव, आणि पापणी किती चढली ते मोज." त्यानंतर बारा वर्षे मी बाईंच्या खिशात मानाने राहिले. माझे आकडे पुसट झाले, पण खोटे कधी पडले नाहीत.

मग नवा फोन आला, बाई मोजण्याऐवजी फोटो काढू लागल्या, आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी झाली.

एकदा एका डोळ्याची पापणी लोंबणारी चार वर्षांची एक चिमुरडी आजीबरोबर आली. बाईंनी फोन धरला. "हं, हस बघू!" पोरीने हसताना भुवया चढवल्या आणि फोटोत पापणी छान वर दिसली.

"काळजी नको, आजी. सहा महिन्यांनी या."

"अहो, ही हनुवटी आभाळाकडे करून चालते. पायऱ्यांवर आपटते."

"फोटोत बघा ना, बाहुली उघडी आहे."

"मी फोटोची आजी नाही, हिची आहे!"

मी खणात तडफडले. अंगठा ठेव गं, अंगठा! पण खणातल्या म्हातारीचे कोण ऐकते?

सहा महिन्यांनी दोघी परत आल्या. चांगला डोळा झाकल्यावर पोरीला तक्त्यावरची मोठी चित्रेही ओळखता येईनात. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खण उपसून मला काढले आणि भुवई दाबली. पापणी जेमतेम तीन मिलिमीटर चढली.

"ऑपरेशन करून पापणी कपाळाच्या स्नायूला बांधावी लागेल," बाई खाली बघत म्हणाल्या. "पण इतके दिवस झाकला गेल्यानं डोळा मंद झालाय. चांगला डोळा रोज काही तास झाकून याला कामाला लावावं लागेल."

"पूर्ण दिसेल ना?"

"बरंचसं. पूर्ण... सांगता येत नाही."

आजींनी पोरीला नुसते जवळ ओढले. मग मीच बाईंना सुनावले.

"पोरी, तू मला विसरलीस, ते मी गिळलं असतं. पण तू अंगठा ठेवायला विसरलीस, आणि भोगतंय हे लेकरू. मला खिशात ठेव नाहीतर खणात, मला हौस नाही. पण यापुढे एकाही मुलाची भुवई दाबल्याशिवाय 'काळजी नको' म्हणालीस, तर दारावरच्या पाटीवरचं 'डॉक्टर' पूस आणि 'फोटो स्टुडिओ' लिही."