ओला कप

भट्टीतून निघालेला प्रत्येक कप सासूबाई लाकडी काडीने एकदाच वाजवायच्या. खणखणला तर उजवीकडे, बद्द वाजला तर खाली टोपलीत. सव्वीस वर्षं हेच. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांचं स्टूल सुनेला मिळायचं होतं. पण सुनेचा कान काही केल्या तयार होईना. बाळाला पाळणाघरात सोडून ती दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसत होती, तरी दहातले तीन हमखास चुकवायची.

गेले तीन महिने सासूबाईंच्या डोक्यावर कॅमेरा होता, काडीशेजारी माइक. आज त्यावरून शिकलेल्या यंत्राची परीक्षा. ते नापास झालं, तरच स्टूल सुनेचं.

म्हणून तिने एक धड कप गुपचूप पाण्यात बुडवला, पुसला आणि रांगेत सरकवला. ओला कप बद्द वाजतो. यंत्र त्याला तडकलेला समजणार, चारचौघांत त्याचं हसं होणार.

यंत्र टकटक करत आलं. त्या कपापाशी थबकलं. मग तो अलगद उचलून त्याने डावीकडे खिडकीत, उन्हात ठेवला.

इंजिनीअर चक्रावला. "तिथे ठेवायला याला कुणी शिकवलं? आजी, तुम्ही ठेवायचात?"

"ओला लागला की ठेवते. वाळला की परत वाजवायचा. नळ गळला तरच होतं असं, कधीतरी." सासूबाई सुनेकडे वळल्या. "तुला सांगायचं राहूनच गेलं बघ. आणि या मेल्याने नुसतं बघून उचललं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बाही पिळून घे. टपकतेय."

सुनेने बाही पिळली. लाज होतीच, पण त्याहून मोठं कुतूहल होतं.

"याला काय ऐकू येतं," तिने इंजिनीअरला विचारलं, "ते मला ऐकवाल?"

त्याने तिच्या कानांना हेडफोन लावले, आवाज दसपट संथ केला. धड कपाचा नाद झोपी जाणाऱ्या बाळाच्या श्वासासारखा लांबत, विरत गेला. तडकलेल्याचा मध्येच अडखळला. एवढंच होतं. दोन वर्षं एवढंच होतं.

मॅनेजर यंत्राच्या कागदांवर सह्या करत होता. तिने काडी उचलली, एक कप वाजवला.

"तडा आहे, आई."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. "आहे. पुढचा?"

"धड."

"हं. पुढचा."