पाठ नसलेला बाक

जेवायला बसण्याआधीच धाकट्याने ओळखलं की आज ताटात अन्नापेक्षा बोलणीच जास्त वाढली जाणार. दादा टेबलाच्या टोकाला ताठ बसला होता. दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना, सरळ रेषेत. आई मान खाली घालून बसली होती आणि वहिनीने भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली होती.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घर त्याच्या नावावर, सुतारकामाचा कारखानाही त्याच्याच नावावर, आणि गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुखही तोच. धाकट्याच्या बायकोने, ती होती तेव्हा, दादाचं नाव 'गुण्या' ठेवलं होतं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. "दिसेल त्याला लावून बघतात," ती हळूच म्हणायची, "मग सगळं जग वाकडं निघालं तर नवल काय?"

ती हिवाळ्यात गेली. तेव्हापासून त्या घरात हळूच बोलणारं कोणी राहिलं नव्हतं.

"पंक्चरच्या दुकानात जातोस म्हणे," दादा म्हणाला.

"जातो."

"रविवारी संध्याकाळी. प्रार्थनेला."

"दुसऱ्या कशाला जाणार? माझ्याकडे सायकलसुद्धा नाही."

"बघा, बघा," वहिनी म्हणाली. "बायको गेली, पण जीभ मागे ठेवून गेली."

"वहिनी, तिचं नाव काढू नका."

"मी कुठे काढलं? जीभ म्हटलं फक्त."

दादाने एक बोट उचललं. तेवढ्याने दोघं गप्प झाले. घरात असंच चालायचं. "येत्या रविवारी तू मंडळीसमोर उभा राहशील," तो म्हणाला. "दोन गोष्टी बोलशील. एक, त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही. दुसरी, तुझ्या बायकोला बाकावर बसवलं ते योग्यच होतं."

"आणि नाही बोललो तर?"

"तर तू मंडळीबाहेर. बाहेर टाकलेल्या माणसाबरोबर आपण एका टेबलावर जेवत नाही, हे तुला माहीत आहे. एका छपराखालीही राहत नाही. कारखान्यातलं तुझं सामान तू घेऊन जा."

"आई?" धाकटा म्हणाला.

आईने मान वर केली नाही. "म्हणून टाक ना रे एकदाचं. ती बिचारी तर गेली. शब्दांना काय वजन असतं?"

"वजन नसेल तर दादाला ते हवेत कशाला?"

धाकटा न जेवताच उठला. आईच्या हातचं जेवण मागे टाकून उठायची त्याची ती पहिलीच वेळ. तीही साठी जवळ आल्यावर.

बाकाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. प्रार्थनाघरात दाराजवळ, अगदी मागे, एक बाक होता. मंडळीचा नियम मोडला की त्यावर बसायचं. जोवर सगळ्यांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणत नाही, तोवर तिथेच, आणि तोवर प्रभुभोजनाची भाकर नाही. बाकाला पाठ नव्हती. टेकायला मिळालं की माणूस पश्चात्ताप विसरतो, असं दादाचं म्हणणं. बाक धाकट्यानेच केला होता, तरुणपणी, दादाने दिलेल्या मापाने. चांगलं लाकूड, पक्के सांधे. इतक्या वर्षांत एकदाही कुरकुरला नव्हता.

त्याच्या बायकोचा गुन्हा असा. मागच्या गल्लीतल्या एका बाईचं तान्हं मूल शनिवारी रात्री गेलं. बाई मंडळीतली नव्हती, कुठलीच नव्हती. मुलाला घालायला धड कपडा नव्हता. रविवारी सकाळी सगळे प्रार्थनेला गेले आणि ही घरी बसून पांढरं झबलं शिवत राहिली. प्रभूच्या दिवशी काम केलं. लहानशी शवपेटी धाकट्याने केली, पण ती सोमवारी. म्हणून त्याच्यावर नियम चालला नाही. एकच मूल, एकच पुरणं, पण तो पहिल्या रांगेत राहिला आणि ती बाकावर गेली.

'चुकलं' म्हटलं असतं तर तीन आठवड्यांत सुटली असती. ती म्हणाली नाही. पुढे पाठीच्या मणक्याचं दुखणं लागलं, तरी दर रविवारी येऊन त्या बाकावर बसत राहिली. "बाक मात्र हलत नाही हो," एकदा घरी येता येता ती म्हणाली. "काम चांगलं आहे तुमचं." तो हसला होता. हसला होता, हे आठवलं की आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे.

ती गेली तेव्हा दादाने मंडळीच्या दफनभूमीत जागा दिली नाही. खड्डा पंक्चरवाल्याने आणि त्याच्या चार माणसांनी खणला. गाणीही त्यांनीच म्हटली, बेसूर. पुढच्या रविवारी धाकटा आभार मानायला म्हणून दुकानात गेला. भिंतीला टायर टांगलेले, मधे सतरंजी. भाकर फिरत त्याच्यापर्यंत आली तेव्हा त्याने हात मागे घेतला. "मी तयारी करून आलो नाही," तो म्हणाला.

पंक्चरवाला म्हणाला, "माझ्याकडे टायर नीट करून कोण आणतं, काका? फुटला की आणतात." आणि भाकर तशीच धरून उभा राहिला.

ती खाताना धाकटा ढसाढसा रडला. तेव्हापासून तो जात होता.

जेवणावरून उठल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. वहिनी खिडकीशी बसून पडद्याची कड शिवत होती. डाव्या हाताने. ती डावखुरी होती हे त्याला लग्नापासून माहीत होतं. पण आज त्याची नजर टाक्यांवर खिळली. सगळे टाके उलट्या बाजूला कलले होते.

पेटीचं झाकण बसवताना त्याने झबलं पाहिलं होतं. एका बाहीचे टाके इकडे कललेले, दुसरीचे तिकडे. डोळ्यांना खटकलं होतं, मग विसरला होता.

"उजवी बाही तुम्ही शिवलीत," तो म्हणाला.

वहिनीची सुई थांबली. चेहरा चुन्यासारखा झाला. पण तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "मग? आता जाऊन सांगा. रविवारी चांगली संधी आहे. सगळे असतील."

"तुम्ही तर प्रार्थनेला गेला होतात."

"डोकं दुखतंय सांगून मधूनच परत आले होते. ती एकटी शिवत बसली होती. हात थरथरत होते तिचे. वेळेत झालंच नसतं." वहिनीने दाताने दोरा तोडला. "मी तिला म्हटलं होतं, 'चुकलं' म्हण आणि मोकळी हो. तर म्हणाली, दादा पहिला प्रश्न विचारतील, सोबत कोण होतं? मला खोटं बोलता येत नाही. मी तिला म्हटलं नव्हतं, मला वाचव म्हणून! एकदाही म्हटलं नव्हतं!"

"आणि वर तुम्ही तिला टोमणे मारत राहिलात."

"हो, मारले. ती तिथे बसलेली दिसली की अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. जा आता. सांगा तुमच्या दादाला. वाट कसली बघताय?"

धाकटा पाणी न पिताच बाहेर आला. आठवडाभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गुण्याला गुण्याच लावायचा. दादाने स्वतःच्या बायकोला सगळ्यांसमोर त्या बाकावर बसवायचं. नाही बसवलं तर त्याचा नियम तिथेच मेला. रंधा मारतानाही त्याला ते दिसे आणि गोड वाटे. बायको गेल्यापासून काहीच गोड लागलं नव्हतं.

शनिवारी तो पंक्चरवाल्याकडे गेला. नाव न घेता सगळं सांगितलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"मला तुमचा भाऊ आवडत नाही," तो म्हणाला. "परवा हवा भरायला आला आणि जाताना मला नरकाचा पत्ता देऊन गेला."

"मग सांगू ना?"

"सांगा की. खरंच आहे ते." त्याने बुडबुड्यावर बोट ठेवलं. "फक्त एक आहे. इथे आम्ही भाकर तुमच्या भावासाठीही ठेवतो. येत नाही तो, पण ठेवतो. न ठेवून कसं चालेल? मग माझ्या दुकानात आणि त्या बाकात फरक काय राहिला?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची बायको जिवंत आहे."

"खरं आहे," पंक्चरवाला म्हणाला आणि त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. धाकटा चिडूनच घरी गेला.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. बाक रिकामा होता. आई पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये धरून. तिच्या शेजारी वहिनी, पदर घट्ट ओढून. धाकटा आत आला तेव्हा तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मार खायच्या आधी जनावर पाहतं, तसं.

दादाने नाव न घेता त्याला उभं राहायला सांगितलं. "बोल," तो म्हणाला.

"मी त्या दुकानात जातो, आणि जाणार आहे," धाकटा म्हणाला. "माझी बायको चुकली नव्हती. एका मेलेल्या लेकराला तिने कपडा घातला. त्याला पाप म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

कुजबुज उठली. मागून कोणीतरी म्हणालं, "बायकोचा गुलाम." दुसरा म्हणाला, "होता. आता तर भुताचा."

दादाने बोट वर केलं. "ती त्या दिवशी एकटी होती?" त्याने विचारलं. "की तूही सामील होतास? आज सगळं पोटातलं बाहेर काढ."

हाच तो प्रश्न. तिने दीड वर्ष पाठ मोडून चुकवलेला. धाकट्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. वहिनीचे डोळे मिटलेले, डावा हात उजव्या हाताखाली लपवलेला. एक शब्द, आणि सगळं फिटलं असतं. तो शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता.

त्याने तो गिळला.

"मी सामील नव्हतो," तो म्हणाला. "असतो तर बरं झालं असतं. बाकी मला कोणाबद्दल काही सांगायचं नाही."

"मग तू बाहेर आहेस," दादा म्हणाला. आवाज जराही हलला नाही. "संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर. आई, इकडे बघ. त्याच्याकडे बघू नकोस."

आईने समोर पाहिलं.

धाकटा दाराकडे चालू लागला. बाकापाशी आला आणि थांबला. बाहेर टाकलेल्याला बाकही नसतो, हे त्याला माहीत होतं. तरी तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच केलेल्या त्या बाकावर. दोन मिनिटांत कंबर बोलू लागली.

पुढे पट्टीच्या चपलांचा आवाज झाला. वहिनी उठली होती. दोन्ही बाजूंच्या रांगांमधून, कोणाकडे न पाहता, ती चालत मागे आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला धपकन बसली.

"हे काय चाललंय?" दादा म्हणाला. आता मात्र आवाज हलला.

"नियम पाळतेय," वहिनी तिथूनच ओरडली. "एक बाही मी शिवली होती. प्रभूच्या दिवशी. पुरेसं आहे, की टाके मोजायचेत?"

"उठ तिथून."

"का? तुमची बायको म्हणून वेगळा बाक करून देणार आहेत का भाऊजी?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. दादा उभाच राहिला. त्याचं बोट वर होतं. खाली घ्यायचं की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नसावं. शेवटी त्याने भाकरीचं ताट उचललं आणि पहिल्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

वहिनी ताठ बसली होती. "माझ्यावर उपकार केलेत असं समजू नका," ती पुटपुटली. "तुमची माफी-बिफी मला नको."

"मी कुठे केलंय माफ? अजून रागच आहे."

"मग का नाही सांगितलंत?"

त्याने पाय उचलून बाकापलीकडे टाकले आणि तोंड दाराकडे करून बसला. मग सरकत जाऊन पाठ वहिनीच्या पाठीला भिडवली.

"भाऊजी! लोक बघतायत."

"बघू देत. टेका."

ती टेकली नाही. ताट तिसऱ्या रांगेत गेलं, पाचव्या रांगेत गेलं. मग हळूहळू, जणू लक्षातच आलं नाही असं, तिचं वजन त्याच्या पाठीवर आलं. त्याचंही तिच्यावर गेलं. कंबर गप्प झाली.

एवढंच करायचं होतं. दीड वर्षात कुठल्याही रविवारी पहिल्या रांगेतून उठून मागे यायचं आणि असं बसायचं. ना लाकूड लागत होतं, ना खिळा. सुतार असून त्याला हे सुचलं नव्हतं. दाराबाहेरचं ऊन त्याला नीट दिसेना.

"हाडं टोचतात तुमची," वहिनी म्हणाली.

"इथून सुटलं की मी पंक्चरवाल्याकडे चाललोय. येता?"

"त्या टायरच्या वासात? मला शिसारी येते."

"मलाही येते," धाकटा म्हणाला.

ताट शेवटच्या रांगेपर्यंत आलं आणि तिथूनच परत फिरलं. दोघांपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.